नावेतली उशी

काळजीकाकूंचं खरं नाव विचारलंत, तर त्यांच्या नवऱ्यालासुद्धा जरा डोकं खाजवावं लागेल. धक्क्यावर, चर्चमध्ये, किराणा दुकानात, सगळीकडे त्या काळजीकाकूच. आणि नाव ठेवणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी ही बाई. कुणी शिंकलं की हिला न्युमोनिया दिसतो, कुणाला उशीर झाला की अपघात, आणि कुणाचा फोन लागला नाही की थेट अंत्यविधी. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्याने केली त्याने आधी काकूंना बघितलं असणार, यात मला तरी शंका नाही.

गंमत अशी की बाईंचा धंदा दुसऱ्यांना सुखाने टेकवण्याचा. घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात एक लांबरुंद लाकडी टेबल, कडेला शिलाईचं जड मशीन, भिंतीला टांगलेल्या दाभणांच्या माळा, आणि कोपऱ्यात आढ्यापर्यंत गेलेली कापसाची पोती. गाद्या, उशा, खुर्च्यांच्या बैठका, सगळं काकू करायच्या. पण मुख्य काम म्हणजे बोटीच्या बाकांवरच्या गाद्या. गावासमोर नदीचं पात्र एवढं पसरलेलं, की पलीकडची माणसं ठिपक्यासारखी दिसायची. तिथून पलीकडे जायला एकच फेरीबोट, आणि तिच्या बाकांवरची प्रत्येक गादी काकूंच्या हातची.

बोटीची गादी म्हणजे घरची गादी नव्हे, हे काकू नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सुनवायच्या. तिच्यात सरकीचा साधा कापूस चालत नाही. सावरीचाच लागतो. पिवळसर, रेशमासारखा, मुठीत धरला तर मुठीत काही आहे असं वाटूच नये असा. साधा कापूस पाणी पितो आणि दगडासारखा तळाला जातो. सावरी पाण्याला आत घेतच नाही, तरंगते आणि माणसालाही तरंगवते. म्हणून प्रत्येक गादीच्या पाठीला दोन जाड कापडी पट्टे. बोटीला काही झालं, तर बाकावरची गादी उचलायची, पट्ट्यांत हात घालायचे, छातीशी कवटाळायची आणि देवाचं नाव घ्यायचं. आकाशी रेक्झिनची गादी आणि तिला दोन पट्टे, याचा अर्थ त्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ही बुडत नाही.

काकूंचा आपल्या हातावर विश्वास होता म्हणता? छे! प्रत्येक तयार गादी त्या शेडमागच्या टाकीत टाकायच्या, वर हा एवढा धोंडा ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने जाऊन बघून यायच्या. तरंगली तरच बोटीवर जायची.

आणि याच बोटीवर इंजिन सांभाळायला होते काकूंचे यजमान. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. देवाने जोड्या लावताना चेष्टा करायची ठरवली असेल, तर ती इथे साधली. काकूंना गादीवर झोप येत नसे आणि मिस्त्रींना दगडावर यायची. पलीकडच्या काठाला बोट लागली की इंजिनाच्या झाकणाशेजारी, तेलकट कोट डोक्याखाली गुंडाळून, हा माणूस आडवा. प्रवाशांनी त्यांना उभं बघितलं त्याहून जास्त वेळा झोपलेलं बघितलं होतं. वर सगळा जन्म पाण्यावर काढून मिस्त्रींना पोहता येत नव्हतं! काकू रोज म्हणायच्या, अहो, शिका. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "बोटीवर सगळं तुझ्या हातचं आहे गं. तुझ्या हातचं कधी बुडायचं नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. काकू कपाळाला हात लावून मशीनवर बसायच्या.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. त्यांच्या चर्चमध्ये एक चांगली रीत होती. प्रवचन संपलं की पाळकसाहेब दोन मिनिटं थांबायचे आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारू द्यायचे. सहसा कुणी विचारत नसे, कारण जेवणाची वेळ झालेली असायची. एका रविवारी शुभवर्तमानातला वादळाचा प्रसंग वाचला गेला. दिवसभर लोकांशी बोलून येशू थकलेला. संध्याकाळ झाली. पलीकडे जाऊ या म्हणाला, आणि शिष्य त्याला होता तसाच नावेत घेऊन निघाले. मध्येच वादळ उठलं, लाटा नावेत शिरायला लागल्या. आणि तो? तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्यांनी गदागदा हलवून उठवलं, अहो, आपण बुडतोय, तुम्हाला काही काळजी आहे की नाही? मग तो उठला, वाऱ्याला दटावलं, पाण्याला गप्प केलं.

पाळकसाहेब विश्वासावर छान बोलले. मग थांबले, आणि काकू उभ्या राहिल्या.

"साहेब, उशी कुणाची?"

"कुठली उशी?"

"त्याच्या डोक्याखालची. होता तसाच नावेत बसला, असं आधीच लिहिलंय ना? म्हणजे जवळ सामान नाही, अंथरूण नाही, काही नाही. मग उशी आली कुठून? उशी काही नावेत उगवत नाही. कुणीतरी ती शिवली, कुणीतरी भरली, कुणीतरी आठवणीने नावेत ठेवली. ती कोण?"

सगळे हसायला लागले. शेवटच्या बाकावर मिस्त्री मान टाकून घोरत होते, तिकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणालं, "उशी मिस्त्रींची असणार!" मग तर चर्चमध्ये हशाच पिकला.

पाळकसाहेब हसले नाहीत. भला माणूस. हनुवटी चोळत म्हणाले, "काकू, हीच गोष्ट आणखी दोघांनी सांगितलीय, पण त्यांनी उशी गाळली. एकट्या मार्कानेच ती ठेवलीय. कुणाची होती, ते मला खरंच माहीत नाही."

काकू खाली बसल्या. पण त्यांच्या मनात उत्तर ठरलेलं होतं. नाव कोळ्यांची होती, म्हणजे उशी कुण्या कोळ्याच्या बायकोची, नाहीतर आईची. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात होती, जी त्या चारचौघांत बोलल्या नाहीत. शिष्यांना सगळे नावं ठेवतात, अल्पविश्वासी म्हणून. पण काकूंना ती माणसं अगदी आपली वाटायची. लाटा आत येतायत आणि हा झोपलाय! काळजी आहे की नाही, हे विचारायचं नाही तर काय पाय चेपत बसायचं?

घरी जाताना मिस्त्री जांभई देत म्हणाले, "अगं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या उशीची एवढी चौकशी करतेस. इथे मी जन्मभर तेलकट कोटावर डोकं ठेवतोय, माझ्यासाठी कधी शिवलीस?"

टोमणा बरोबर बसला. काकूंनी त्याच आठवड्यात उशी करायला घेतली. सावरी डोक्याखाली सरकते, मानेला आधार देत नाही, आणि मिस्त्रींची मान तर कायमची आखडलेली. म्हणून काकूंनी चांगला पिंजलेला सरकीचा कापूस घेतला. घट्ट भरला, मानेच्या जागी जरा उंचवटा ठेवला. बोटीवर तेल सांडतं म्हणून वर आकाशी रेक्झिन. टाकीत काही टाकली नाही. नवऱ्याची उशी कोण टाकीत बुडवतं? सकाळी डब्याबरोबर ती हातात दिली, तेव्हा मिस्त्रींनी ती गालाला लावून बघितली आणि म्हणाले, "आता कुणी उठवलं तर बघ!"

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. काकू बोटीच्या नव्या गाद्यांचं काम उरकत होत्या. गाद्या भरून झाल्या होत्या, पट्टे आदल्या आठवड्यातच मोजून कापून टेबलाच्या कडेला ठेवले होते. एकेक गादी घ्यायची, पट्टे लावायचे, बाजूला ठेवायची. शेवटची गादी घेतली आणि पट्ट्यांकडे हात नेला, तर तिथे काहीच नव्हतं.

टेबलाखाली बघितलं. मशीनमागे बघितलं. पोती हलवली. दोन पट्टे कमी.

काकू मोजण्यात चुकत नसत. काळजी करणारी माणसं मोजण्यात चुकत नाहीत, तेच त्यांचं दुसरं काम असतं. मग पट्टे गेले कुठे? त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, आणि आठवायच्या आधी त्यांच्या बोटांना आठवलं. रेक्झिनची शिवण वळवायची, पाठ वर करायची, डावा पट्टा, उजवा पट्टा, दाभणाने चार टाके. इतकी वर्षं आकाशी रेक्झिन हातात आलं की हात तेच करत आले होते. उशी करताना काकू मनात त्या कोळ्याच्या बायकोशी बोलत होत्या, आणि हातांनी आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं.

सरकीच्या कापसाची उशी. तिला दोन पट्टे. म्हणजे दिसायला बोटीची गादी, आणि पाण्यात धोंडा.

बरोबर त्याच वेळी शेडच्या पत्र्याने एकदा धाडकन आवाज केला. काकूंनी बाहेर बघितलं. वारा सुटला होता. नदीचं पाणी काळपट झालं होतं आणि त्यावर पांढरे फेस उठायला लागले होते.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना सगळं चित्र एका क्षणात दिसलं, आणि या वेळी ते उगाच नव्हतं. बोटीला काही झालं तर मिस्त्री काय करतील, ते काकूंइतकं कुणाला माहीत? प्रवाशांना गाद्या वाटतील. आधी बायका, मग पोरं, मग म्हातारे. आणि स्वतःसाठी? स्वतःसाठी आपली उशी ठेवतील. पट्टे आहेत की! वर बायकोने शिवलेली. तुझ्या हातचं कधी बुडायचं नाही. पोहता येत नसलेला माणूस ती उशी छातीशी धरून, अगदी निर्धास्तपणे, पाण्यात उडी टाकेल.

काकूंनी फोन लावला. घंटी वाजली. फोनमध्ये वाजली, आणि स्वयंपाकघरातही वाजली. आत जाऊन बघतात तो ओट्यावर चार्जरला लावलेला मिस्त्रींचा फोन थरथरत फिरत होता.

"काय करू मी या माणसाचं!" काकू ओरडल्या, आणि चप्पल उलटसुलट घालून धक्क्याकडे धावल्या. दाराला कुलूप लावलं नाही. गॅस बघितला नाही. ज्यांनी त्यांना तसं धावताना पाहिलं ते म्हणाले, काहीतरी मोठंच झालं असणार.

धक्क्यावर तिकीटवाल्याची खोली होती. खोली कसली, खोकंच. आत एक स्टूल, एक खिडकी आणि बोटीशी बोलायचा वायरलेस. तिकीटवाला खिडकीच्या फटीत कागदाच्या घड्या कोंबत होता.

"बोट कुठाय?" काकूंनी धापा टाकत विचारलं.

"निघालीय तिकडून. निम्म्यावर असेल. काकू, घाबरू नका."

"मिस्त्रींना निरोप द्या. म्हणावं, उशी फेकून द्या."

तिकीटवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की बाईला शेवटी वेडच लागलं. "काकू, अख्खी बोट वाऱ्यात सापडलीय आणि तुम्हाला उशीची काळजी?"

काकूंनी सांगितलं. एका दमात सांगितलं, सरकी, सावरी, पट्टे, सगळं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला. तिकीटवाल्याच्या तोंडावरचं हसू विरलं. त्याची स्वतःची बहीण रोज त्या बोटीने यायची जायची, आज नव्हती, पण काल होती. त्याने वायरलेस हातात घेतला.

बराच वेळ नुसती खरखर. मग बोटीच्या चालकाचा आवाज आला, तुटत तुटत. इंजिन बंद पडलंय. पाणी शिरलंय आत. लाँचला कळवलंय, ओढायला येतेय. माणसं घाबरलीयत.

"मिस्त्रींना द्या," तिकीटवाला ओरडला. "मिस्त्रींना! निरोप आहे!"

खरखर. मग चालक म्हणाला, आणि हे मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं, "मिस्त्री झोपलेत."

"काय?"

"झोपलेत हो. उशीवर."

आणि वायरलेस मेला. तिकीटवाल्याने बटणं दाबली, ठोकला, हलवला, पण छे.

काकू खोक्याबाहेर आल्या. वाऱ्याने त्यांचे केस तोंडावर येत होते आणि त्या मागे सारत नव्हत्या. इंजिन बंद, आत पाणी, माणसं रडतायत, आणि हा झोपलाय! इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना मिस्त्रींचा राग खूपदा आला होता, पण असा कधी नाही. त्या नदीकडे तोंड करून, कोण ऐकतंय कोण नाही हे न बघता ओरडल्या, "अहो, तुम्हाला काही काळजी आहे की नाही?"

ओरडल्यावर त्यांनाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. आणि मग त्या धक्क्याच्या पायरीवर बसून रडायला लागल्या. ज्याने वाऱ्याला दटावलं त्याला त्या म्हणाल्या, की तुझ्या उशीवालीने चांगली उशी दिली असेल, मी नाही दिली. मी बुडणारी दिलीय. एवढ्या वेळेला तूच बघ. त्यात प्रार्थनेचा काही थाट नव्हता. नळावर भांडावं तसं त्या देवाशी बोलत होत्या.

पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, नुसता धुरकट पडदा. तिकीटवाला दोनदा बाहेर येऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि पुन्हा आत गेला. काकूंच्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. दोन पट्टे. चार चार टाके. इतके पक्के टाके का घातले मी? जरा कच्चे घातले असते तर हातात धरताच सुटले असते.

मग पडद्यातून आधी लाँच दिसली, आणि तिच्यामागे दोरखंडाने बांधलेली बोट, एका अंगाला जराशी कलती, पण वर.

बोट धक्क्याला लागली. माणसं उतरायला लागली, भिजलेली, गप्प, एकमेकांना धरून. काकू प्रत्येकाच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. कडेवर तान्हं मूल घेतलेली एक तरुण बाई उतरली आणि काकूंना बघून थांबली.

"मिस्त्री तुमचेच ना? धन्य आहे हो माणसाची! आम्ही रडतोय, ओरडतोय, सगळे एका बाजूला पळालो, बोट अशी कलली. आणि हे चालत आले, मधोमध उशी टाकली आणि झोपले! वर घोरायला लागले! मला इतका संताप आला म्हणून सांगू. मग मी म्हटलं, इंजिनवालाच घोरतोय तर आपण कशाला मरतोय? बसले खाली. मी बसले तसे बाकीचेही बसले."

ती गेली. सगळ्यात शेवटी मिस्त्री उतरले. काखेत आकाशी उशी.

काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तोंड सुटलं. "लाज वाटते का? लोकांचे जीव जातायत आणि तुम्ही घोरताय! फोन घरी, पोहता येत नाही, आणि झोपा काढताय! दगड आहात का माणूस?"

मिस्त्री दोर बांधायच्या खुंटावर जाऊन बसले. बसले म्हणजे कोसळलेच. तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हा माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसत नव्हता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"झोपलो नव्हतो गं," ते म्हणाले.

"मग?"

"इंजिन गेलं. मी काय करायचं ते केलं, पण पाणी आत गेल्यावर माझ्या हातात काही उरलं नाही. वर येऊन बघतो तर सगळे एका अंगाला. बोट ही एवढी कलली. आणखी चार माणसं तिकडे गेली असती तर उलटलीच असती. ओरडलो, कुणी ऐकेना. घाबरलेला माणूस कुणाचं ऐकतो? मग म्हटलं, हे सगळे मला रोज झोपलेला बघतात. मी झोपलेला दिसलो, की त्यांना वाटेल रोजचंच आहे. म्हणून मधोमध आडवा झालो."

"आणि घोरलात?"

"मुद्दाम. मोठ्याने." मिस्त्री म्हणाले. "सगळ्या जन्मात एवढं अवघड काम केलं नाही. डोळे मिटलेले, त्यामुळे लाट येतेय की नाही तेही दिसेना. एकच आधार होता. उशी डोक्याखाली होती ना, तिच्या पट्ट्यांत दोन्ही हात घालून पडलो होतो. म्हटलं, उलटली तर उलटली. ही आहे. तुझ्या हातची आहे, बुडायची नाही. तेवढ्यावर घोरत होतो बघ."

काकूंनी त्यांच्या काखेतली उशी ओढून घेतली. त्या धक्क्याच्या कडेला गेल्या आणि उशी पाण्यात टाकली.

ती तरंगली. मिस्त्री म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग उशीचा एक कोपरा खाली गेला. शिवणीतून बुडबुडे आले. ती हळूच आडवी झाली, जड झाली आणि खाली गेली. दोन पट्टे तेवढे वर राहिले थोडा वेळ, मग तेही गेले.

"सरकीचा कापूस होता," काकू म्हणाल्या. "तुमच्या मानेसाठी. पट्टे हाताने आपोआप लावले. मला आज दुपारी कळलं."

मिस्त्री पाण्याकडे बघत राहिले. तिकीटवाला खिडकीतून बघत होता, तोही हलला नाही.

"बरं झालं मला माहीत नव्हतं," मिस्त्री शेवटी म्हणाले. "माहीत असतं तर घोरता आलं नसतं."

काकूंना त्याचा अर्थ पोचायला जरा वेळ लागला. पोचला तेव्हा त्या त्यांच्याशेजारी खुंटावर बसल्या. दोघांना पुरेल एवढी जागा तिथे नव्हती, पण बसल्या. मिस्त्रींनी त्यांचा हात घट्ट धरला, पट्टा धरावा तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी प्रवचन संपल्यावर पाळकसाहेबांनीच विचारलं, "काय काकू, उशी कुणाची, लागला का पत्ता?" तोवर सगळ्या गावाला गोष्ट कळली होती.

काकू उभ्या राहिल्या. "ते नाही कळलं, साहेब. पण मला आता दुसरंच वाटतं. वारा पडला, पाणी शांत झालं, हे नावेतल्यांना कळलं. पण जिने उशी दिली ती काठावर होती. तिला कुणी जाऊन सांगितलं का? लिहिलेलं तर नाही कुठे. ती बिचारी रात्रभर वादळातच असणार."

या वेळी कुणी हसलं नाही. शेवटच्या बाकावर मिस्त्री बसले होते, आणि बघणारे सांगतात की ते टक्क जागे होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना नवी उशी दिली. सावरीची. टाकीत टाकून, वर सगळ्यात मोठा धोंडा ठेवून, रात्रभर बघितलेली. मिस्त्री ती घेऊन गेले. काकू मशीनवर बसल्या, पण लक्ष कुठलं लागतंय? आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता, तरी त्यांचा एक कान नदीकडे होता. आणि मग शेडमध्ये फोन वाजला. मिस्त्रींचा. पलीकडून.

"पोचलो," ते म्हणाले.

सगळ्या संसारात हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला होता. काकूंनी डोळे पुसले, पण आवाज बदलू दिला नाही. "बरं. आणि?"

"आणि काही नाही. ही उशी सरकते गं डोक्याखाली."

"सरकू दे," काकू म्हणाल्या.